पास्कोल फादरांची स्कूटर

"मग तुम्ही व्रतं का नाही घेतलीत, फादर?"

नेल्सन मच्याडोने विचारलं खरं, पण उत्तर त्याला नको होतं. मोठेपणा मिरवायचा होता. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन अशी तीन व्रतं घेऊन तो संन्यस्त धर्मगुरूंच्या संघात गेला, त्याला बारा वर्षं झाली होती. समोरचे पास्कोल तुस्कानो मात्र बिशपांच्या हाताखालचे, वसईतल्या एका गावचे साधे धर्मगुरू; अशांना दारिद्र्याचं व्रत नसतं, स्वतःचं काही बाळगता येतं. नेल्सनला बाप्तिस्मा त्यांनीच दिलेला.

"माझ्या नावावर हातातलं घड्याळसुद्धा नाही," नेल्सन म्हणाला. "तुमच्या नावावर स्कूटर आहे."

"आहे की. तिच्यावरूनच तुझ्या आईला दवाखान्यात न्यायचो. मागे बसून सारखी ओरडायची, हळू चालवा म्हणून."

नेल्सनची मान खाली गेली.

आई गेली तेव्हा तो झारखंडातल्या मिशनवर होता. ती अत्यवस्थ असल्याचं कळलं तेव्हा, ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आटोपून जा, असं संघातले वरिष्ठ म्हणाले होते. पुन्हा एकदा विचारावं, असं त्याच्या मनात आलं होतं. त्याने विचारलं नाही. आज्ञापालनाचा केवढा तोरा होता त्याला! आईच्या मातीलाही तो पोचला नाही, आणि आता ती गोष्ट त्याचं काळीज कुरतडत होती.

"शेवटी... माझी आठवण काढली?"

"रोज. मी सांगायचो, निघालाय, येतोच आहे."

"मी तर निघालोच नव्हतो."

"ठाऊक होतं. त्या खोट्याचं कन्फेशन करून झालंय माझं."

...

म्हातारे फादर उठले. कपाटातून त्यांनी एक रुमाल काढला, गाठ सोडली. आत आईची लग्नातली अंगठी होती. झिजून तारेएवढी झालेली.

"नेल्सनने स्वतःजवळ ठेवावी, कुणाला देऊ नये, म्हणाली."

नेल्सनने हात पुढे केला... आणि तसाच थांबला. संघात जे येईल ते सगळ्यांचं. सोनं तर वरिष्ठांपुढेच ठेवायचं. लोकांना तो हेच छाती फुगवून सांगत आला होता.

"मला ठेवता येणार नाही, फादर."

एवढं बोलला आणि त्याला रडू कोसळलं.

पास्कोल फादरांनी त्याला रडू दिलं. मग अंगठी रुमालात ठेवून पुन्हा गाठ मारली आणि तो आपल्या झग्याच्या खिशात ठेवला.

"राहू दे माझ्याकडे," ते म्हणाले. "मी कुठे व्रत घेतलंय!"