ठकाक्काची निळाई

फार वर्षं झाली त्याला. भाद्रपद महिना, दिवस कासराभर वर आलेला, जागा खुटाळवाडीच्या डोंगराखालचं ठकाक्काचं खोपट. पाटलांची सून भिवरा तीन दिवस तापानं फणफणत होती, आणि पाटलांचे दोन गडी डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळपठारावरून, टोपलीभर निळी फुलं घेऊन दारात उभे होते.

ठकाक्का धनगरांची. तिच्या हाताला गुण होता. तिनं एक फूल उचललं, उलटं केलं. दुसरं केलं. मग अख्खी टोपली उकिरड्यावर भिरकावली.

"अरं, ही सवत हाय! निळाई सांगितली हुती न्हवं मी?"

"दिसायला तर एकच हाय, आक्का."

"शंभरात तुला तुझं मेंढरू वळखतं, आन् दोन फुलं वळखंनात? त्वांड काय बघतुयास मुडद्या, पाठ बघ! निळाईच्या पाठीला पांढरी लव, सवतीची पाठ गुळगुळीत. निळाई ताप उतरवती, सवत तिरडीवर चढवती."

हे ती वीस वर्षं सांगत होती. वीस वर्षं लोक माना डोलवत होते आणि चुकीचं फूल आणत होते.

शेवटी ती स्वतःच डोंगर चढली. सडा कडेपर्यंत निळा. एकेक फूल उलटून बघायचं तर संध्याकाळ झाली असती, आणि भिवराचा श्वास दुपारपर्यंत टिकेल की नाही, याची खात्री नव्हती. ठकाक्का कड्याच्या टोकाशी गेली आणि दरीवर ओरडली, "माणसांला तर डोळंच न्हाईत! तू तरी बघ की जरा!"

असं म्हणतात, तेव्हा दरीतून वारा वर उसळला. धबधबे उलटे उडाले, आणि अख्ख्या सड्यानं एकदम पाठ दाखवली. सगळीकडे गुळगुळीत निळं. फक्त एका घळीपाशी मूठभर पांढरं लुकलुकलं. असं म्हणतात, तिनं नऊ फुलं खुडेपर्यंत वारा खाली बसला नाही. दिवेलागणीला भिवरानं भाकरी मागितली.

ठकाक्का गेली, वारा राहिला. अजूनही भाद्रपदातल्या पहिल्या उघाडीला गाव सड्यावर जातं आणि तिच्या नावानं मांडलेल्या दगडावर निळाई वाहतं, पालथी. देवाला सुलटं फूल, आक्काला उलटं. नव्या सुनेला पाठ बघून फूल ओळखल्याशिवाय खाली उतरू देत नाहीत.

तीन वर्षांपासून पायथ्याला पर्यटकांसाठी फलक उभा आहे: 'ठकाक्काची निळाई, तापावर गुणकारी.' शेजारी मोठा रंगीत फोटो, वरून काढलेला. फुलाची पाठ दाखवा, असे चार अर्ज गावानं केले. फोटो निळाईचा आहे की सवतीचा, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.