घुबडाच्या पायातलं घुंगरू

फार फार जुनी गोष्ट. डोंगराच्या कुशीत गुराख्यांचं एक गाव होतं. तिथं वासरू जरा उभं राहिलं, की त्याच्या गळ्यात घुंगरू बांधायचे. घुंगरू नाही ते जनावर बेवारशी, असा गावाचा कायदाच म्हणा ना!

त्या गावात येसाक्का राहायची. कान असे, की नुसत्या आवाजावरून कुणाची गाय कुठं चरतेय ते सांगायची. आणि चौकस तर किती! मुंगी कुठं निघाली, तेही म्हातारीला कळायला हवं.

एकदा तिला बांधावर पंख मोडलेलं घुबड सापडलं. कुणीतरी दगड मारला होता. अपशकुनी पाखरू घरात घेऊ नकोस, असं सगळे म्हणाले. आक्का म्हणाली, "दगड त्याला बसलाय. अपशकुन झाला तो त्याला."

तिनं हळद लावून पंख मऊ चिंधीनं अंगाशी बांधला, सापळ्यातले उंदीर भरवले. घुबड मान पार पाठीकडे वळवून तिला न्याहाळायचं आणि आक्का त्याला. सवड मिळाली की दोघांचा हाच उद्योग.

पंख सांधला. सोडायच्या दिवशी आक्काचा जीव गलबलला. तिनं त्याच्या पायात इवलंसं घुंगरू बांधलं. कुठंही गेलं तरी आपल्याला कळेल, एवढाच हेतू.

थोड्याच दिवसांत घुबड अंगणात येऊन पडलं. नुसता पिसांचा सापळा! पंख तर धडधाकट, मग उपाशी का? आक्काला चैन पडेना. खाऊपिऊ घालून अंगात बळ आल्यावर तिनं त्याला तिन्हीसांजेला खळ्यावर सोडलं आणि स्वतः कणगीआड बसली.

उंदीर निवांत दाणे खात होते. घुबड झेपावलं. छुन्न! उंदीर पसार. पुन्हा झेप, पुन्हा छुन्न.

आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाळा, माझ्या मायेनंच तुझा घास पळवला रे."

तिनं घुबडाला जवळ घेतलं. घुंगराच्या गाठीवर तिचा हात क्षणभर अडला. आता हे जगलं की मेलं, कसं कळणार? पण तिनं गाठ सोडली. घुबड तिच्या डोक्यावरून गेलं आणि त्या तिखट कानांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. खळ्यावर उंदीर तेवढा एकदाच चिरकला.

पुढं ते तिला कधी दिसलं नाही. पण खळ्याकडेच्या बाभळीखाली घुबडानं ओकलेल्या, उंदरांच्या हाडाकेसांच्या गोळ्या सापडायच्या. आक्का त्या काडीनं उकलून बघायची आणि म्हणायची, "पोटभर जेवतंय लेकरू."

तात्पर्य: ज्याला मोकळं सोडायचं, त्याच्या पायात आपल्या मायेचंही घुंगरू ठेवू नये.