शेवटचा चेंडू

बॅटी बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. एका व्यायामशाळेत टेबल टेनिसची, झिजलेल्या रबराची म्हातारी बॅट नव्या बॅटला फोरहँड शिकवत होती. चेंडू एकच उरला होता.

"कमरेपासून निघायचं, चेंडूला नुसतं घासायचं आणि कपाळाशी सलाम करून थांबायचं," म्हातारी म्हणाली.

"सलाम तू कर, आजी. मी ठोकणार!"

"हळू गं ताई," चेंडू म्हणाला, "माझी साल पातळ आहे."

नव्या बॅटनं दणका दिलाच. चेंडू तडकला आणि टेबलावर पडला, तो पुन्हा उसळला नाही.

त्यानंतर नवी रोज रिकाम्या हवेत कमरेपासून निघायची, कपाळाशी सलाम करायची.

"आजी, आता जमलं का गं?"

"जमलं गं पोरी," म्हातारी म्हणायची, आणि दोघी त्या फुटक्या चेंडूकडे बघत राहायच्या.