गोळीचा सत्कार

अवयवांना वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. एका दिवाणजींना गोडाचं भारी वेड, आणि त्यांच्या देहात जीभ म्हणेल ती पूर्व दिशा. होता होता रक्तात साखर साचली. स्नायूंनी तिच्या तोंडावर दारं लावून घेतली. यकृताच्या घरात तेलातुपाचा पसारा झाला. आणि सगळे मिळून बोल लावत चरबीला, "आयतखाऊ मेली. नुसती बसून असते."

मग औषधाची एक गोळी आली. ती थेट चरबीकडे गेली आणि म्हणाली, "बाई, तुमच्याकडे काम आहे." चरबीला आजवर कोणी काम सांगितलंच नव्हतं. तिने हौसेने नव्या खोल्या काढल्या, यकृताकडचा पसारा आपल्या घरात आणून ठेवला आणि स्नायूंना निरोप धाडला, "साखरेला आत घ्या." दारं उघडली. रक्तातली साखर उतरली.

लगेच गोळीचा सत्कार ठरला. शाल आली, नारळ आला. भाषण अर्थातच जिभेचं. कोपऱ्यात उभ्या चरबीकडे बघून यकृत म्हणालं, "आपण सगळे बरे झालो आणि ही बघा, आणखी फुगली."

गोळी संकोचली. "अहो, तो तुमचाच पसारा आहे. केलं सगळं तिने, मी फक्त सांगितलं."

"गोळीबाईंचा विनय बघा," जीभ म्हणाली. टाळ्या पडल्या. "आता या आनंदात पेढे होऊन जाऊ देत."

सगळ्यांनी नको नको म्हणत दोन-दोन घेतले. चरबी तेवढी मुकाट्याने घरात गेली आणि आणखी खोल्या काढायला लागली.