झिपरीला नदीवर जायचंय

चिंचेच्या झाडावर एक ढोली होती. ढोलीत होतं खारीचं पिल्लू. नाव झिपरी. झिपरी एवढीशी, शेपूट एवढं मोठं.

झिपरीच्या शाळेला सुट्टी लागली. झिपरीने ठरवलं, सगळ्यांनी नदीवर जायचं. ओल्या वाळूत खोपे करायचे. एकत्र बसून डबा खायचा. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी.

पण सुट्टीचा पहिला दिवस गेला. भुर्रकन गेला. कुणी कुठे नेलंच नाही. झिपरीला फार वाईट वाटलं.

झिपरी निघाली तुरुतुरु तुरुतुरु. वरच्या फांदीवर दादा झोके घेत होता.

"दादा, दादा, नदीवर येतोस का?"

"आई आली तर येतो. नाहीतर डबा कोण देणार?"

झिपरी निघाली तुरुतुरु तुरुतुरु. आई दाणे निवडत होती. आई कधी रिकामी दिसते का?

"आई, आई, नदीवर येतेस का? दादा उतरेना, नदी दिसेना."

"बाबा आले तर येते. सगळं सामान मी एकटीने वाहायचं का?"

आणखी एक दिवस गेला. भुर्रकन गेला.

झिपरी निघाली तुरुतुरु तुरुतुरु. बाबा ढोलीला कापूस लावत होते.

"बाबा, बाबा, नदीवर येता का? आई उठेना, दादा उतरेना, नदी दिसेना."

"आजोबा आले तर येतो. त्यांना घरी ठेवून मी डुंबायला जाऊ? बरं दिसतं का ते?"

झिपरी निघाली तुरुतुरु तुरुतुरु. आजोबा उन्हात पाठ शेकत होते.

"आजोबा, आजोबा, नदीवर येता का? बाबा निघेनात, आई उठेना, दादा उतरेना, नदी दिसेना."

"आजी आली तर येतो. तिच्याशिवाय मला करमत नाही."

आणखी दोन दिवस गेले. भुर्र, भुर्र. झिपरी फांदीच्या टोकावर जाऊन बसायची. लांबून पाण्याचा आवाज यायचा, खळखळ खळखळ. झिपरी ऐकत राहायची.

मग झिपरी निघाली तुरुतुरु तुरुतुरु. आजी चिंच सोलत होती.

"आजी, आजी, नदीवर येतेस का? आजोबा हलेनात, बाबा निघेनात, आई उठेना, दादा उतरेना, नदी दिसेना."

"सासूबाई आल्या तर येते. पण त्या थकल्यात गं. त्या काही यायच्या नाहीत."

आजीच्या सासूबाई म्हणजे झिपरीची पणजी. पणजी राहायची अगदी खाली, मुळांपाशी.

आता सुट्टीचा एकच दिवस उरला. झिपरी निघाली, पण हळूहळू. डोळ्यांत पाणी होतं.

"पणजी, पणजी, नदीवर येतेस का? आजी ऐकेना, आजोबा हलेनात, बाबा निघेनात, आई उठेना, दादा उतरेना, नदी दिसेना."

पणजीने मान वर केली.

"मला विचारतेस?"

"हो."

"मी कधीची तयार आहे. दर सुट्टीत वाट बघते. मला कुणी विचारतच नाही."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"बोलावल्याशिवाय कसं यायचं, बाळा?"

आणि पणजी उठली. काठी वाजली, टक टक टक.

पणजी निघाली, म्हणून आजीने ऐकलं. आजीने ऐकलं, म्हणून आजोबा हलले. आजोबा हलले, म्हणून बाबा निघाले. बाबा निघाले, म्हणून आई उठली. आई उठली, म्हणून दादा उतरला. दादा उतरला, सगळे चालले, आणि नदी दिसली.

खळखळ खळखळ.

झिपरीने खोपा केला. सगळ्यांनी मिळून डबा खाल्ला. पणजी ओल्या वाळूत पाय घालून बसली. खूप वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "उद्या पुन्हा यायचं का गं?"

"उद्या माझी शाळा आहे, पणजी."

पणजीने वाळूतले पाय हळूच बाहेर काढले. झिपरी तिला बिलगली.

"पुढच्या सुट्टीत पहिल्या दिवशी येऊ. सगळ्यांच्या आधी मी तुलाच विचारीन."