बॉनेटवरचं पाणी

“...मग अजून का थरथरतीय, उस्ताद?”

सुकुमारनं इंजिनाची हवा घेणारी नळी, तिच्यातली झडप, सगळं पुन्हा एकदा साफ करून बसवलं होतं. काजळी एवढी निघाली होती की फडक्याचा मूळ रंग विचारू नये. तरी उभी गाडी हीव भरल्यासारखी कापत होती.

कऱ्हाडच्या या गॅरेजात दस्तगीर उस्तादांच्या हाताखाली तो तयार झाला होता, आणि आपल्या हाताचा त्याला भारी गर्व होता. आज तो गर्व कुठल्या कुठे पळाला होता. बहीण पद्मा घाटातल्या गावी, सासरी; दिवस भरत आलेले. रक्तदाब वाढलाय, संध्याकाळपर्यंत दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि हीच गाडी काल घाटातल्या वळणावर, वेग कमी करताच बंद पडली होती.

पद्मा आत असताना गाडी बंद पडली तर...

त्यानं उघड्या दारातून वाकून हातानंच ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं. हात काढताच पुन्हा कापू लागलं.

“सोड ते,” उस्ताद म्हणाले.

“बंद पडंल की!”

“पडू दे.”

“साफ करण्यात माझी चूक न्हाई, उस्ताद. आरशासारखं केलंय.”

“म्हणूनच कापतीय. इतकी वर्षं काजळीतनं श्वास घेत हुती. आता मोकळा घ्यायला शिकतीय, आन् तू सारखा मधी मधी करतोयस. तुला शिकवताना मी अशी घाई केली असती, तर अजून पंक्चरच काढत बसला असतास.”

सुकुमारला हसू आलं नाही.

उस्तादांनी माठातून काठोकाठ पेला भरून आणला आणि बॉनेटच्या सपाट जागी ठेवला.

“हे पाणी थांबस्तोवर कशाला हात लावायचा न्हाई. दिवे न्हाई, एसी न्हाई, काय बी न्हाई.”

पाणी काठावर थडथडत होतं. थोडं सांडलं.

फोन वाजला. दाजी होते. “निघालास का?”

“निघतोच...”

इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला. गेलं! सुकुमारचा हात दाराकडे धावला. उस्तादांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं. हात तिथंच राहिला, आणि इंजिनानं स्वतःच स्वतःला सावरलं.

मग पुन्हा आवाज खाली गेला. पुन्हा सावरलं.

हळूहळू आवाज एकसारखा झाला. पेल्यातल्या लहरी बारीक झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. वरच्या छपराचा पत्रा पाण्यात स्वच्छ दिसू लागला.

“थांबलं! उस्ताद, थांबलं! निघू मी?”

उस्तादांनी पेला उचलला आणि त्याच्या हातात दिला.

पाणी पुन्हा थडथडलं, त्याच्या बोटांवरून, मनगटावरून खाली सांडू लागलं.

“हे थांबलं की निघ.”