काचपाटी आणि इंदीची खिरापत

केतकवाडीत कोंबडे वेळेवर आरवत आणि माणसं सवडीने उठत. अपवाद एकच, तुळसाची आई. ती उजाडायच्या आत सुईत दोरा ओवायची आणि लोकांच्या गोधड्या शिवायला घरोघर जायची. साऱ्या गावाला ऊब पुरवणाऱ्या त्या घरात स्वतःची गोधडी मात्र एकच, आणि तीही इतकी आखूड, की पाय झाकले तर मान उघडी पडे. तुळसा आठ वर्षांची होती. एक परकर, एक पोलकं, आणि दिवसभर बोलायला कोणी नाही, एवढी तिची इस्टेट.

एकदा ती ओढ्याकाठच्या जुन्या बागेत गेली. तिथे एक इवलंसं गुलाबाचं रोप उन्हाने मान टाकून पडलं होतं. तुळसाने ओंजळी ओंजळीने पाणी आणून त्याला पाजलं. सातव्या ओंजळीला रोपाने मान वर केली, आणि त्याच्या एकुलत्या एका कळीतून परी बाहेर आली. बोटाएवढी परी! पंख चतुराच्या पंखांसारखे, त्यांत सात रंग लुकलुकणारे. केसांत दवाचे बारीक बारीक मणी. पायांत गुलबक्षीच्या पाकळ्यांच्या चिमुकल्या मोजड्या.

“गुणाची गं माझी बाय,” परी म्हणाली. “माग काय हवं ते. फुकट.”

तुळसाने सोनं मागितलं नाही, मोती मागितले नाहीत. ती म्हणाली, की आई कामाला गेली म्हणजे मला गोष्ट सांगायला कोणीतरी हवं.

परीने टिचकी वाजवली आणि तुळसाच्या हातात एक काचेची पाटी आली. मोरपिसासारख्या निळ्या-हिरव्या उजेडाची, तळहातावर मावणारी. बोट फिरवलं की ती गोष्ट सांगे, गाणं म्हणे, हरणांचे कळप पळवून दाखवी. फारच लाडीगोडी लावली तर काचेतून रिबिनीसुद्धा काढून देई.

परीने नियम सांगितले. पाटीसाठी कधी काही द्यावं लागणार नाही. पाटी अधूनमधून काहीबाही विचारील, त्याचं खरं उत्तर द्यायचं. आणि आता या पानावरचं सगळं मान्य आहे, एवढं म्हणायचं. पान केळीचं होतं. त्याची सुरळी उलगडली तर बागेच्या कुंपणापर्यंत गेली असती, आणि त्यावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी होती, तीही अशक्त मुंगीच्या. परी इतकी गोड हसत उभी होती, की वाचत बसणं असभ्यपणाचं दिसलं असतं. तुळसा म्हणाली, “हो.” शहाणीसुरती मोठी माणसंही तेवढंच म्हणतात, आणि तेवढ्याच घाईने.

पाटी फार लाघवी निघाली. दोन गोष्टी सांगून झाल्या की हळूच विचारायची: शेजारच्या अनसाकाकूंना दात किती राहिले? पाटलांच्या वच्छीला कोणता रंग आवडतो? तुळसा सांगायची. तिचं ऐकून घेणारं जगात दुसरं होतं कोण?

त्याच सुमारास गावात सोनेरी पंखांचे भुंगे आले. देखणे आणि अतिशय अदबशीर. अनसाकाकूंच्या खिडकीत बसून ते मऊ लाडवांचं कौतुक गुणगुणत, वच्छीच्या खिडकीत जांभळ्या बांगड्यांचं. कोणाला काय कमी आहे हे त्यांना कसं कळतं, याचं लोकांना नवल वाटे. पण नवल करून झालं की लोक त्यांच्याकडून लाडू विकत घेत.

मग नवरात्र आलं. केतकवाडीत रोज संध्याकाळी एकेका मुलीच्या अंगणात भोंडला होई. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि शेवटी त्या घरच्या खिरापतीचा झाकलेला डबा वाजवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर त्या घराची शान. म्हणून गावाचा एक कडक रिवाज होता: चुकून एखादीला खिरापत आधी कळलीच, तर तिने जीभ चावायची आणि ओळखायच्या वेळी गप्प बसायचं. डब्यात बासुंदीवडी असो की फुटाणे, झाकण असेपर्यंत सगळी घरं सारखी.

सहाव्या दिवशी इंदीची पाळी होती. इंदी तुळसाची जिवाभावाची मैत्रीण, पण दिवसभर घरकामात अडकलेली. तुळसा दुपारी तिच्याकडे गेली तेव्हा इंदीची आई तापाने आडवी पडली होती. पिठाचा डबा पालथा, गुळाच्या मडक्यात नुसता वास. इंदी चुलीपुढे बसून चिंचोके भाजत होती. तुळसाला पाहून तिने पटकन परातीवर परकराचा घोळ धरला. मग तो सोडून दिला. आता पाहिलंसच तर गप्प राहा, एवढंच ती म्हणाली. तुळसाने आईची शपथ घेतली.

घरी आल्यावर तिने पाटीकडे रिबीन मागितली. चांदण्यांची, चंदेरी, संध्याकाळच्या फेरात चमकणारी. पाटीने विचारलं, “इंदीकडे आज काय पाहिलंस?”

तुळसाला शपथ आठवली. मग तिने स्वतःची समजूत घातली: रिवाज मुलींना सांगायचं नाही असा आहे. पाटी काही मुलगी नाही. पाटी काही भोंडल्याला येत नाही. आणि तिने सगळं सांगितलं: चिंचोके, ताप, पालथा डबा. रिबीन खरोखरच फार सुंदर होती.

संध्याकाळी गाणी संपली. इंदीने डबा आणला आणि ताठ मानेने वाजवला. खुळुखुळु आवाज आला. एरवी मुलींनी गोड की तिखट विचारलं असतं, पंधरा नावं घेतली असती. आज प्रत्येकीच्या कानाशी एकेक सोनेरी भुंगा बसला होता.

“चिंचोके,” वच्छी म्हणाली. तिने विचारसुद्धा केला नाही.

“घरात पीठ नाही ना तुमच्या,” दुसरी सहज बोलून गेली. तोवर दारात दहा भुंगे तापावरच्या पुड्यांचं कौतुक गुणगुणू लागले होते, आणि आत अंथरुणावर इंदीची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

इंदीने झाकण उघडलंच नाही. ती डबा पोटाशी धरून घरात निघाली. जाता जाता तुळसापाशी थांबली आणि हलकेच म्हणाली, “तू नाही सांगितलंस, मला माहीत आहे.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुळसाच्या कानांच्या पाळ्या चुलीतल्या निखाऱ्यासारख्या तापल्या. वेणीतली रिबीन पाठीला चटके देऊ लागली. आईने जेवायला वाढलं तेव्हा तिला आईकडेही बघवेना.

सकाळी ती पाटी आणि रिबीन घेऊन बागेत गेली. परी कळीच्या काठावर बसून पंख पुसत होती.

“हे परत घे, आणि मी सांगितलेलं मला परत दे,” तुळसा म्हणाली.

“वस्तू परत घेता येते, बाळ. सांगितलेलं नाही. पाटीने ऐकलेलं भुंग्यांकडे जातं. त्यांच्याच जिवावर तर तुझ्या गोष्टी आणि गाणी चालतात.”

“तू तर म्हणाली होतीस फुकट.”

“तुझ्याकडून कुठे काय घेतलं?” परी अगदी मायेने म्हणाली. “घेतलं ते इंदीचं.”

तुळसाला रडू फुटलं. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि ते पान वाचायला मागितलं. परी गोंधळली. आजवर हे कोणीच मागितलं नव्हतं. सुरळी मोगऱ्याच्या वाफ्यावरून पार बागेच्या कुंपणापर्यंत गेली. तुळसा रांगत रांगत, बोट ठेवून वाचू लागली. उन्हं डोक्यावर आली, गुडघे सोलले, डोळ्यांतून पाणी गळू लागलं. कित्येक ओळी अशा होत्या, की पहिल्या निम्म्यात दिलेलं दुसऱ्या निम्म्यात काढून घेतलेलं. अगदी शेवटी, देठाजवळ, जिथे केळीचं पान कोणी पाहत नाही, तिथे एक नियम होता: ज्याची गोष्ट सांगितली त्याच्यासमोर, आणि जितक्यांनी ऐकली तितक्यांसमोर, सांगणाऱ्याने आपल्या तोंडाने कबुली द्यावी. मग भुंगे मुके होतील.

“हा नियम तू आधी का नाही सांगितलास?”

परीने मान खाली घातली. तीही लाजली होती. तिने सांगितलं, की ती स्वतःही या पानाला बांधलेली आहे. शंभर वर्षांपूर्वी तिनेही न वाचता हो म्हटलं होतं; भुंगे मुके होईपर्यंत तिची सुटका नव्हती, आणि तो नियम आपणहून सांगायची तिला बंदी होती.

त्या संध्याकाळी भोंडला वच्छीच्या अंगणात होता. इंदी आली होती, पण फेराबाहेर, तुळशीवृंदावनाला टेकून उभी. तुळसा सरळ पाटावरच्या हत्तीपाशी गेली. सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या. इंदीला अजून माहीत नव्हतं. गप्प राहिलं असतं तर कधी कळलंही नसतं.

“इंदीची खिरापत मी सांगितली,” ती म्हणाली. “पाटीला सांगितली. तुमच्या सगळ्यांच्या गोष्टीसुद्धा मीच सांगितल्या.”

“कशासाठी गं?” वच्छीने विचारलं. “त्या कालच्या रिबिनीसाठी?”

“हो.”

“एवढ्याशा रिबिनीसाठी,” वच्छी म्हणाली, आणि ते खरंच होतं. तुळसाला वाटलं, जमीन दुभंगावी. जमिनी सहसा एवढी सोय करत नाहीत. ती तशीच उभी राहिली.

तेवढ्यात तिच्या हातातली पाटी तडकली. सारे भुंगे एकदम मुके झाले आणि झेंडूच्या पाकळ्या होऊन अंगणभर भुरभुरले. त्या केशरी पावसातून परी उतरली. तिला बांधून ठेवणारी पानाची सुरळी गळून पडली होती.

“सुटले मी,” ती म्हणाली. “तुळसाबाई, आता एक इच्छा माग. हिला नियम नाही.”

सगळ्यांना सगळं विसरायला लाव, हे तुळसाच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग तिने इंदीकडे पाहिलं.

“माझी नाही, हिची विचार,” ती पुटपुटली. “गोष्ट हिची गेली.”

इंदीने वृंदावनाचा टेका सोडला. मग पुढे आली आणि परीच्या तिळाएवढ्या कानात काहीतरी बोलली. परी हसली. तिच्या पंखांतले सातही रंग एकमेकांत मिसळून पांढरेशुभ्र झाले, सारं अंगण जाईच्या मांडवासारखं उजळलं, आणि उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती.

मुलींनी फेर धरला. तुळसा बाजूला होऊन उभी राहिली. इंदीने तिच्याकडे न पाहताच हात पुढे केला. तुळसाने तो धरला; दोघींचे हात घामाने ओले होते.

दुसऱ्या दिवशी इंदीची आई उठून चुलीपाशी बसलेली दिसली. हेच इंदीने मागितलं होतं की आणखी काही, ते तुळसाने कधी विचारलं नाही. आम्हालाही ते ठाऊक नाही. असतं, तरी सांगितलं नसतं.